घरचा रोजमेळ : लेकरांवर ओरडून झाल्यावर वही कशी लिहायची

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर (दलालाच्या दुकानात) मी मुनीम आहे. एकवीस वर्षं झाली. दुकान बंद करायच्या आधी रोजमेळ लिहिल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. दिवसभरात आलेला-गेलेला रुपया वहीत आलाच पाहिजे आणि गल्ल्यातली रोख शिलकेशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर रात्रीचे दहा वाजोत, शोधत बसायचं.

२०२४ च्या सोयाबीन हंगामातली गोष्ट. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बीटात, म्हणजे लिलावात, भाव त्याच्या खाली. त्यात मालातलं मॉइश्चर (ओलावा) १२ टक्क्यांच्या वर निघालं की खरेदीदार आणखी तोडणार. शेतकरी पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) हातात घेतो, आकडा वाचतो आणि भाव पाडणारा समोर नसतो म्हणून मुनिमाला बोलतो. बोलू दे, त्याचं चूक नाही. पण दिवसभर ते ऐकून मी घरी गेलो आणि दारात धाकट्याचे बूट आडवे पडले होते. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. दहा वर्षांचं लेकरू. त्यानं गपचूप ऐकून घेतलं, बूट उचलून जागेवर ठेवले आणि विचारलं, "पप्पा, आज भाव पडलाय का?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझ्या ओरडण्याचा आणि मोंढ्यातल्या भावाचा मेळ त्या पोरानं घातला होता. हिशेब जुळवायचा पगार घेणाऱ्या माणसाला तो घालता आला नव्हता.

त्याच आठवड्यात वही सुरू केली. पहिले तीन महिने चुकीच्या पद्धतीनं लिहिली, ते वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी समुपदेशक नाही, बाप आहे, तेवढंच धरून वाचा.

काय काय लागतं

- शंभर पानी वही. मी गंजगोलाईच्या बाजारातून साधी आखीव वही आणली. खताच्या कंपनीची फुकटची डायरी घेऊ नका, तिच्यावर तारखा छापलेल्या असतात. चार दिवस चुकले की कोरी पानं तोंडाकडं बघत बसतात आणि आपण वहीच सोडून देतो.
- निळा पेन. लाल नको. लाल पेन हातात आला की माणूस चुका काढायला लागतो.
- दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ फोन दुसरीकडं.
- वही ठेवायला कुलपाची नसली तरी आपली म्हणता येईल अशी जागा.

आधार कार्ड, फोटो, फी काही लागत नाही. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, मौन पाळायचं, फी नसते. जाऊन आलेले चांगलंच सांगतात. पण हंगामात आडतीवर दहा दिवसांची सुट्टी मागितली तर मालक अकराव्या दिवसापासून कायमचीच देईल. म्हणून आपली वही.

१. वेळ ठरवा, रात्रीची नको

जेवण झाल्यावर अंथरुणात लिहायला गेलो की दोन ओळीत पेंग यायची. आता मी दुकानातच लिहितो, रोजमेळ बंद केल्यावर. म्हणजे काल संध्याकाळी घरी झालेलं आज संध्याकाळी. मधे एक रात्र गेलेली असते, डोकं थंड असतं. शिवाय लिहून लगेच घरीच जायचं असतं, त्यामुळं कालचं ताजं डोक्यात घेऊन दार उघडतो. घरी असणाऱ्या बायांना दुपारची भांडी झाल्यावरची वेळ बरी पडते, असं बायको सांगते.

२. पहिले पंधरा दिवस फक्त नोंद करा

उपाय नको, विचार नको, पश्चात्ताप तर अजिबात नको. पानावर चार रकाने आखा: वेळ, काय झालं, मी नेमकं काय बोललो, अंगात काय होत होतं.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

*७.४०. डब्याचं झाकण शाळेत हरवलं. 'तुला काही किंमत आहे का वस्तूची' म्हणालो, दोनदा. दुपारचा डबा तसाच परत आणला होता. जबडा आवळलेला, कानशिलं गरम.*

बस, एवढंच. चार ओळींच्या वर गेलात तर तुम्ही स्वतःची वकिली करताय असं समजा.

तिसरा रकाना सगळ्यात जड जातो. हात आपोआप 'रागावलो' असं लिहितो. रोजमेळात नवा पोरगा 'किरकोळ खर्च' लिहितो ना, तसंच ते. त्या एका शब्दाखाली चहाही लपतो आणि उचलही लपते. मालक विचारतो, किरकोळ म्हणजे काय रे? तेव्हा पोरगा डोकं खाजवतो. म्हणून शब्द जसेच्या तसे लिहा, लाज वाटली तरी. मी पहिल्यांदा 'तुझ्यापेक्षा बैल बरा' हे वाक्य स्वतःच्या अक्षरात वाचलं तेव्हा इकडंतिकडं बघून वही मिटली होती.

इथं दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे वहीची फिर्याद होते. माझे पहिले तीन महिने असेच गेले. 'आज पुन्हा अभ्यास केला नाही. उलट बोलली. मोबाईल उशीखाली सापडला.' पानं भरली, आणि त्यात मी कुठंच नव्हतो. वाचलं तर पोलीस ठाण्यातल्या जबाबासारखं. लेकरानं काय केलं ते पाच शब्दांत उरका, बाकी जागा तुमची आहे.

दुसरं, 'उद्यापासून ओरडणार नाही' असं लिहू नका. उद्या येणारे पैसे कुणी आजच्या जमेला धरतं का? तिसऱ्या दिवशी ते मोडतं, मग वहीकडं बघवत नाही, मग वही माळ्यावर जाते.

ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी 'काही नाही' एवढं लिहा. ती नोंदही पुढं कामाला येते.

३. ओरडण्याच्या आधीचे सहा तास तपासा

पंधरा दिवसांनी सगळी पानं एकदम वाचा आणि प्रत्येक नोंदीशेजारी लिहा, त्याआधीच्या सहा तासांत माझ्यासोबत काय झालं होतं.

माझ्या चौदा नोंदी निघाल्या. त्यातल्या नऊ दिवशी दुपारी जेवलेलो नव्हतो. हे इतकं साधं निघेल असं वाटलं नव्हतं. हंगामात काटा चालू असतो, जेवायला उठायला सवड नसते, डबा तसाच परत येतो. त्यानंतर मी पहिलं काय केलं असेल तर दीड वाजता दहा मिनिटं काट्यावरून उठायला लागलो. मानसशास्त्र वगैरे सगळं नंतर, आधी भाकरी.

उरलेल्या पाचांपैकी तीन रविवारच्या संध्याकाळच्या होत्या, आणि तिन्ही थोरलीवर.

थोरली अकरावीला आहे, नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करते. लातूरच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. तिच्या क्लासची दर रविवारी परीक्षा होते, आणि संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांच्या नावांची यादी पडते, मार्कांच्या उतरत्या क्रमानं. ७२० पैकी कुणाला किती. आपल्या लेकराचं नाव शोधायला अंगठ्यानं किती वेळ खाली सरकावं लागलं, त्यावर आमच्या घरातला रविवारचा स्वयंपाक गोड लागायचा की कडू. वरून गावाकडच्या नातेवाइकांचा फोन: "किती पडले?" जेवलास का नाही, तब्येत कशी आहे नाही. किती पडले.

आमच्या शेजारच्या खोलीत नांदेड जिल्ह्यातल्या एक ताई लेकाला घेऊन राहतात. नवरा गावाकडं शेती बघतो, या इथं एका खोलीत स्वयंपाक करून पोराला क्लासला धाडतात. त्यांना वहीबद्दल सांगितलं. महिन्यानं म्हणाल्या, "भाऊ, मपल्या वहीत राग नाहीच की. नुसतं भ्याव हाय." खोलीचं भाडं, क्लासची फी, त्यासाठी काढलेलं कर्ज, आणि एवढं करून नंबर लागला नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं. हे सगळं पोराच्या अंगावर 'उठ, अभ्यास कर' होऊन पडत होतं. मी नंतर माझी पानं पुन्हा काढली आणि चौथ्या रकान्यात 'राग' लिहिलं होतं तिथं तिथं 'भीती' ठेवून बघितलं. रविवारच्या तिन्ही जागी ते बसलं.

तेव्हापासून घरात एक नियम आहे: यादी पडल्यापासून चोवीस तास मार्कांवर कुणी बोलायचं नाही. सोमवारी संध्याकाळी बोलायचं, तेही थोरलीनं विषय काढला तर. ग्रुप मी म्यूट केला. सोडायचं धाडस अजून झालेलं नाही, खोटं कशाला सांगू.

४. दाराबाहेर दोन मिनिटं थांबा

आमच्या गावाकडं बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाय धुवायला पाणी देतात, मग गूळ-पाणी, मग चौकशी. शहरात आल्यावर आपण चप्पल काढता काढताच "अभ्यास झाला का?" सुरू करतो. मी परत गावाकडची पद्धत धरली. स्कूटी लावली की बाहेरच्या नळावर हातपाय धुतो. मग पायरीवर बसून दहा श्वास. चार आकडे मोजत आत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. सोडायला जास्त वेळ दिला की छातीतली धडधड उतरते, करून बघा. शेजाऱ्यांना पहिले आठ दिवस वाटलं, घरात भांडण झालंय म्हणून हा बाहेर बसतो. आता सवय झाली त्यांना.

५. माफी मागा, 'पण' न लावता

ही पायरी मला सगळ्यात उशिरा जमली, आणि पहिल्या खेपेला तर मी ती पार बिघडवली होती. रात्री जेवताना, सगळ्यांसमोर, धाकट्याला म्हणालो, "बाळा, काल माझं चुकलं." माझ्या आईनं घास हातातच ठेवला. "बाप कुठं लेकराची माफी मागत असतो व्हय!" पोरगं लाजून उठून गेलं. तेव्हा पहिलं हे लक्षात ठेवा: माफी एकट्यात मागायची. चारचौघांत मागितलेली माफी लेकराला शिक्षेसारखी वाटते.

दुसऱ्या खेपेला एकट्यात मागितली. "चुकलं माझं, पण तू पण झाकण सांभाळून ठेवायला पाहिजे ना." त्यानं मान डोलवली आणि मला कळलं की आपण पुन्हा एकदा ओरडलोय, फक्त हळू आवाजात.

आता मी वहीतली ओळ बघूनच बोलतो. काय केलं ते नावानिशी सांगायचं: "परवा मी तुला बैल म्हणालो. तसं म्हणायला नको होतं." इथं थांबायचं. कारण सांगायचं नाही, मोंढा मधे आणायचा नाही, आणि 'माफ केलंस ना?' असं विचारून त्याच्याकडून पावतीही घ्यायची नाही. झाकणाचं बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी बोला, ते काय पळून जात नाही.

जुन्या चुकांचं काय? सगळ्या उकरू नका, लेकरं घाबरतात. एकच निवडा, जी तुम्हाला स्वतःला सोडत नाही ती.

माझी २०१६ ची होती. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावायची वेळ आली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती बातमी देशभर गेली. बातमीत न आलेलं म्हणजे, गल्लीत टँकर यायचा तो कधी रात्री दोनला, कधी पहाटे. सगळं घर घागरी घेऊन उभं. थोरली तेव्हा सात वर्षांची. तिच्या हातून भरलेली कळशी दारातच कलंडली आणि मी तिच्या गालावर दिली. पाणी फरशीवरून नालीकडं जात होतं आणि बायको फडकं घेऊन ते टिपून बादलीत पिळत होती. लेकीकडं आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

शाळेत लेकराला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. घराला कलम लागत नाही म्हणून घरात हात उचलतो आपण.

नऊ वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, गच्चीवर कपडे काढताना तिला म्हणालो, "टँकरच्या टायमाला मी तुला मारलं होतं. कळशी सांडली म्हणून. मारायला नको होतं." ती दोन शर्टांच्या घड्या घालेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, ती भरलेली नव्हती. अर्धी मी आधीच जिन्यात सांडली होती. तुम्हाला कळू नये म्हणून पळत होते, म्हणून तर पडली."

यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. तुम्हालाही सुचणार नाही कदाचित. गप्प बसलं तरी चालतं. मी उशांचे अभ्रे काढायला लागलो.

६. आठवड्याला एक प्रश्न

"या आठवड्यात मी तुझं कधी ऐकलं नाही?" एवढाच. उत्तर आलं की खुलासा द्यायचा नाही, 'बरं' म्हणायचं आणि वहीत लिहायचं. पहिले दोन-तीन आठवडे 'काही नाही' हेच उत्तर येईल, कारण लेकरं अंदाज घेतात. धाकट्यानं चौथ्या आठवड्यात सांगितलं: मी फोनवर भाव बघत बघत 'हं, हं' करतो ते त्याला कळतं.

७. महिन्याचा ताळा

महिन्याच्या शेवटी पानं चाळा आणि एकच गोष्ट मोजा. मी फक्त 'काही नाही' किती वेळा आलं ते मोजतो. आलेख, गुण, टक्के यांच्या नादी लागू नका. लातुरात आधीच मार्क कमी आहेत का, त्यात बापाचेही काढायचे!

वाढ सरळ रेषेत होत नाही. माझे हंगाम संपल्यावरचे चार महिने झकास गेले आणि पुढच्या ऑक्टोबरात नवीन सोयाबीन आल्याबरोबर गाडी मूळपदावर. फरक असला तर एवढाच की तेव्हा मी घरी आधीच सांगून ठेवलं होतं: "पुढचे दोन महिने पप्पा चिडका राहणार, कारण मोंढा आहे, तुम्ही नाही." धाकटा आता दारातच विचारतो, "आज कसा भाव?" पडला म्हणालो की तो चहा होईपर्यंत माझ्या वाटेला जात नाही.

एक सावधगिरी नवरा-बायकोसाठी. दोघं लिहीत असाल तर वह्या वेगळ्या ठेवा आणि एकमेकांच्या वाचू नका. आम्ही एकदा वाचल्या. पुढच्या भांडणात बायकोनं मला माझीच तारीख-वेळेसकटची नोंद ऐकवली. पुरावा पक्का होता, काही बोलता येईना.

८. वही पुरत नसेल तेव्हा

वही रोजच्या चिडचिडीसाठी ठीक आहे. पण हात वारंवार उचलला जात असेल, दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, दारूशिवाय संध्याकाळ जात नसेल, किंवा लेकरू 'मला जगायचं नाही' असं काही बोलून गेलं असेल, थट्टेत बोललं तरी, तर वही बाजूला ठेवा आणि फोन लावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. लेकरावर कुणी अत्याचार करत असेल किंवा ते संकटात असेल तर १०९८, हा नंबर लेकरांना स्वतःलाही पाठ करून द्या. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचा विभाग असतो. तिथं गेलं म्हणजे वेडा ठरतो असं आपल्याकडं अजून समजतात, म्हणून लोक तालुका सोडून लांबच्या डॉक्टरकडं जातात. तसं गेलात तरी हरकत नाही, जा म्हणजे झालं.

मी १४४१६ दोनदा लावलाय. एकदा स्वतःसाठी आणि एकदा थोरली सलग तीन दिवस जेवली नव्हती तेव्हा. नंबर फोनमध्ये 'बारदाना' (धान्याची रिकामी पोती) नावानं सेव्ह आहे, आडतीवर फोन सगळ्यांच्या हातात असतो.